मावशीने बसवलेल्या काचा

माझं तोंड फटकळ, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणून निघताना आईनं बजावलं होतं, तिथं गेल्यावर जरा गप्प राहा. पण सकाळी बसमधून उतरून मावशीच्या घरात पाऊल टाकलं आणि राहवेना. गावभर कोळशाची काळी धूळ, आणि हिची फरशी अशी की ताटाशिवाय वाढावं. भिंतींना तडे होते, खोटं कशाला बोलू. छतापासून खालपर्यंत गेलेले. पण प्रत्येक तड्यावर काचेची एकेक आडवी पट्टी चिकटवलेली, तीसुद्धा लखलखीत. मी म्हटलं, मावशी, तुझे तडेसुद्धा नटलेत गं. ती खूश झाली. आतल्या खोलीत पडलेली तिची सूनही हसली. वहिनीचे दिवस भरत आले होते, उठबस जमत नव्हती. दादा पहाटेच खाणीत उतरला होता.

खाणीच्या मोजणी खात्यात मी शिकाऊ म्हणून आले होते. तिथले साहेब म्हणजे एक वाकलेले गृहस्थ, सगळे त्यांना मोजणीकाका म्हणत. कॉलेजात काय शिकवलं, हे विचारायच्या भानगडीत ते पडले नाहीत. हातात बॅटरी दिली आणि म्हणाले, चल, काचा बघायच्यात.

चालता चालता काम समजलं. या वस्तीखालचा कोळसा कधीच काढून नेलाय. खाली पोकळी आणि वर लोकांचे संसार. जमीन जराशी सरकली की भिंतीचा तडा रुंदावतो आणि त्याच्यावरची काच तडकते. काच तडकली की खात्याला कळवायचं आणि त्याच दिवशी घर सोडायचं. म्हणून तिला कुणी हात लावायचा नाही, पुसायचीसुद्धा नाही. मी म्हटलं, म्हणजे अख्ख्या गावाचा जीव या एवढ्याशा काचेवर! काका हसले नाहीत.

घरामागून घर झालं. काका भिंतीवर उजेड पाडत, तोवर घरातलं माणूस दाराशी श्वास रोखून उभं. "ठीक आहे," असं ते म्हणाले की मगच कुकरची शिट्टी, पोरांची भांडणं पुन्हा ऐकू यायची. कुणी बसा म्हणालं नाही. सगळीकडच्या काचा काजळीनं मळलेल्या. माझा जीव नुसता गुदमरत होता, आणि जीव गुदमरला की मी बडबडते.

"आमच्या मावशीच्या काचा बघा एकदा," मी म्हटलं. "नव्या कोऱ्या वाटतात."

काका थांबले. "घर कुठलं तिचं?"

पाण्याच्या टाकीजवळचं, कोपऱ्यावरचं, मी सांगितलं. तिथल्या काचा त्यांनीच बसवल्या होत्या, दादाच्या लग्नाच्याही आधी. मी म्हटलं, पुसल्या असतील हो, बाईला स्वच्छतेचं वेड आहे. ते झपाझप चालायला लागले, आणि मी त्यांच्यामागून जवळजवळ धावत निघाले.

मावशी स्वयंपाकघरात होती. काकांनी सरळच विचारलं. ती आधी लाजली, मग सांगून मोकळी झाली. परवा सगळ्या काचा एकदम तडकल्या होत्या. दादा कामावर असताना तिनं त्या काढल्या, जुन्या खिडकीच्या काचेतून नव्या कापून घेतल्या आणि सिमेंटनं बसवल्या.

"अहो, भाची पहिल्यांदाच यायची होती," ती म्हणाली. "फुटक्या काचांच्या घरात तिला जेवायला वाढू का? आजचं जेवण होऊ दे, मग कळवणारच होते."

मला तिचा संतापही आला आणि मायाही दाटून आली. माझ्या एका जेवणासाठी!

"सुनेला उठवा," काका म्हणाले. "आत्ता. सामान राहू द्या."

मावशीचा चेहरा उतरला. वहिनी दार लोटून झोपली होती. मावशीनं दार ढकललं. मग मी ढकललं. मग काकांनी खांदा लावला. दार जागचं हललं नाही. सकाळी सरळ असलेली चौकट आता एका बाजूनं खाली आली होती आणि दाराच्या फळीवर रुतून बसली होती.

आत खाट कुरकुरली. वहिनीचा झोपाळलेला आवाज आला.

"आई, बाहेरून कडी का लावलीत?"

त्या दाराला बाहेरून कडी नव्हतीच.