परक्या बेटावरचा नारळ

"नारियल दिये बिगर मय नय आयेगा, साब," धर्माजीने सांगून टाकलं आणि हातातली शिडाची दोरी खाली ठेवली.

साहेब चक्रावला. तारापूरला अणुवीजघराचं बांधकाम चाललं होतं, तिथला हा इंजिनियर. आपलं काम संपल्यावर शिडाच्या होडीतून दर्या पालथा घालायला निघाला, आणि नवापूरच्या धर्माजीला खलाशी म्हणून सोबत घेतलं. फिरत फिरत दोघं फ्रेंच बोलणाऱ्यांच्या या बेटाला लागले होते. उद्या परत निघायचं, आणि हा बाबा म्हणतो, आज नारळी पुनव, आधी दर्याला नारळ!

मग दे की, अडवलंय कोणी, असं साहेब म्हणाला.

अहो, तिथेच तर घोडं अडलं होतं. धर्माजीच्या घरी नारळाला कुंकू लागायचं ते घरच्या बाईच्या हातचं. बायको शकू लावायची आणि वर ऐकवायची, "भिरकवू नका, हातानं द्या. दर्या काय भिकारी हाय?" दिल्यावर मागं बघायचं नाही, हाही तिचाच दंडक. तो ओलाचिंब बाहेर आला की पदराने खसाखसा त्याचं डोकं पुसायची.

गेल्या आखाडात शकू तापाने गेली. पुढच्याच महिन्यातल्या नारळी पुनवेला धर्माजीने नारळ दिलाच नाही. दर्याशी अबोला धरला म्हणा ना. रिकामं घर खायला उठायचं, म्हणून साहेबाने विचारताच रागाच्या भरात निघून आला. पण आता घर ओढत होतं, आणि दर्याशी भांडण ठेवून परतायची छाती होत नव्हती.

घरून पेटीत आणलेला, गावाजवळच्या माहीमच्या वाडीतला नारळ काखेत मारून तो बेटावर उतरला. रंगीत पत्र्यांची घरं, मागे डोंगरापर्यंत ऊस. बाजारात बायका पुष्कळ, पण कपाळं सगळी मोकळी. विचारायचं तरी कोणत्या भाषेत? इतकं एकटं त्याला भर दर्यातही कधी वाटलं नव्हतं.

हिंडून हिंडून पाय दुखायला लागले, तेव्हा मिरच्या विकणारी एक बाई दिसली. अंगात फ्रॉक, पण कपाळावर ठसठशीत कुंकू! धर्माजीला भरून आलं.

"बाय, कुठली गो तू?"

ती फ्रेंचमध्ये काहीतरी बोलली. तिची माणसं कधीकाळी मद्रासकडून उसाच्या मळ्यावर आलेली. कुंकू राहिलं होतं, बोली गेली होती.

त्याने नारळ पुढे केला. तिला वाटलं, फोडून हवाय. तिने कोयता उचलला मात्र, धर्माजीने घाईघाईने नारळ छातीशी धरला. मग तिच्या कपाळाकडे बोट केलं, नारळाकडे केलं, दर्याकडे केलं. बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मिरच्यांचे हात स्वच्छ धुतले, टोपलीखालून डबी काढली आणि नारळाला बोटभर कुंकू लावून हात जोडले.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. धर्माजी छातीभर पाण्यात शिरला, डोक्यावरून लाट गेली तरी नारळ सोडला नाही. मग दोन्ही हातांनी अलगद ठेवला.

"घे बाबा. आता राग नाय. मला घरी ने."

मागे न बघता तो बाहेर आला. वाळूवर येऊन थांबला आणि सवयीने मान खाली घातली.

केसांतलं पाणी पायांवर ठिबकत राहिलं. डोकं वाऱ्याने वाळेपर्यंत तो तसाच उभा होता. मग होडीकडे निघाला.