कुलपाआड राहिलेल्या चिठ्ठ्या

मित्रांनो, मला झाकण नाही म्हणून मोडकी समजू नका. आज माझ्यात चष्मा, सुईदोरा आणि खोकल्याच्या गोळ्या राहतात. पण एके काळी मी एका मोठ्या सभागृहाची अभिप्रायपेटी होते, आणि माझ्यामुळे, म्हणजे खरं तर माणसांमुळे, एका बाईचं गाणं अकरा वर्षं बंद पडलं.

मला घडवलं एका अबोल सुताराने. त्याने वर बोटभर रुंदीची फट ठेवली आणि पुढे पितळी कुलूप बसवलं. बिजागऱ्या मात्र मागच्या बाजूला, बाहेरून ठोकल्या. दोन बिजागऱ्या, मिळून चार स्क्रू. पण मला दाराशी भिंतीला टेकवून ठेवल्यावर माझी पाठ कोणी पाहिली नाही. सगळ्यांना दिसायचं ते कुलूप.

सभागृहाच्या साहेबांना बोलण्याचा भारी कंटाळा होता. कोणी केबिनच्या दारात दिसलं की ते मान वर न करता म्हणायचे, "पेटीत टाका." त्यामुळे प्रेक्षकांच्या अभिप्रायांबरोबर रजेचे अर्ज, गेलेल्या दिव्यांच्या तक्रारी, पंख्याची कुरकुर, सगळं माझ्याच पोटात येऊन पडायचं. मला त्याचा अभिमान वाटायचा. सगळ्यांचं मी ऐकून घेत होते, अशी माझी समजूत होती.

दारावर एक काका होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून सगळे त्यांना किल्लीकाका म्हणत. पंधरा वर्षांत त्यांच्या हातून एकही किल्ली हरवली नव्हती.

एकदा गावोगाव फिरणारा एक प्रार्थनावृंद आमच्याकडे आला. तीस गायक, आणि साथीला चाळीस वादकांचा वाद्यवृंद. त्यांची एक रीत होती. गाणं ही प्रार्थना, म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत. ज्याला जे वाटलं ते त्याने चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. दुसऱ्या दिवशी बस सुटण्याआधी त्या चिठ्ठ्या बसमध्ये मोठ्याने वाचल्या जात, आणि मगच वृंद पुढच्या गावाला निघे.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर किल्लीकाकांना माझी किल्ली दिली. "पेटी रिकामी करा, आणि किल्ली मला परत द्या. दुसरी किल्ली केव्हाच गेली, ही एकच उरलीय. पण तुमच्याकडे आहे म्हणजे मला घोर नाही." काकांची छाती फुगली. त्यांनी मला रिकामी केलं, पुसलं, कुलूप लावलं. मग किल्ली कागदात गुंडाळली, वर 'साहेबांस' असं लिहिलं आणि पंधरा वर्षांच्या सवयीने फटीतून आत टाकली.

खण्ण!

काका जागच्या जागी थिजले. मी ओरडून सांगणार होते, अहो, पाठीमागे पाहा, चार स्क्रू आहेत! पण लाकडाला कुठली वाचा? काकांनी इकडे तिकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि ते मूग गिळून बसले.

दुपारी सभागृह खचाखच भरलं. शेवटचं गाणं वृंदातल्या मोठ्या ताईंचं होतं. साठी उलटलेल्या, पण आवाज अजून खणखणीत. गाणं चढत चढत सगळ्यात वरच्या सुरापाशी आलं आणि ताईंचा श्वास तुटला. आवाज थांबला. वाद्यवृंदाच्या संचालकांनी हात खाली घेतला. हळूहळू सगळी वाद्यं गप्प झाली. दाराशी मला फक्त काकांचा श्वास ऐकू येत होता.

मग ताईंनी तीच ओळ पुन्हा, अगदी खालच्या सुरात धरली. एकेक वाद्य मागून आलं. गाणं पुरं झालं. रीतीप्रमाणे टाळी वाजली नाही. लोक मुकाट्याने उठले आणि माझ्यापाशी रांग लागली.

मित्रांनो, किती चिठ्ठ्या! एक होती, 'खुर्च्या टोचतात.' एक, 'तिसऱ्या गाण्यात बासरी पुढे पळाली, पण बासरीवाल्याला रागावू नका.' एकाने लिहिलं होतं, 'मी देवाधर्माचा माणूस नाही. बायकोने ओढून आणलं. उद्या पुन्हा आहे का? असेल तर मी तिला ओढून आणीन.' आणि एक अगदी वेड्यावाकड्या अक्षरात होती: 'ताई, तुम्ही थांबलात तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा उजवा हात घट्ट धरला. अजून सोडलेला नाही, म्हणून डाव्या हाताने लिहिते आहे. त्या रडताहेत. मीसुद्धा.'

सगळ्यात शेवटी ताई स्वतः आल्या. माझ्यावर तळवा ठेवून बरोबरच्या गायिकेला म्हणाल्या, "डोळ्यांवर दिवे होते, मला समोरचं एक माणूस दिसलं नाही. नुसता काळोख आणि शांतता. उद्या चिठ्ठ्या ऐकते. लोकांना नकोशी झाले असेन, तर इथूनच घरी परत जाईन."

माझा जीव टांगणीला लागला. उत्तर माझ्या पोटात होतं आणि मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस दाराशी उभी राहिली. साहेबांनी किल्ली मागितली. काका खिसे चाचपत राहिले. "सापडत नाहीये, साहेब."

"तुमच्याकडून? बरं, आता पेटी फोडायची तर समितीची परवानगी लागेल." साहेब ताईंकडे वळले. "चिठ्ठ्या पोस्टाने पाठवतो."

ताई माझ्याकडे पाहत राहिल्या. "लपवताय ना? इतकं वाईट लिहिलंय?"

"छे हो, ताई! किल्लीच नाहीये."

ताईंनी मान हलवली. आपली गाण्याची वही त्यांनी त्या दुसऱ्या गायिकेच्या हातात ठेवली आणि बसमध्ये न चढता त्या रस्ता ओलांडून गेल्या. किल्लीकाका दाराची कडी धरून उभे होते.

पुढची गोष्ट सांगायला मला लाज वाटते. कारकुनाने मला फोडण्याच्या परवानगीचा अर्ज लिहिला. साहेब म्हणाले, "पेटीत टाका." त्यानेही तो टाकला, माझ्यातच. अर्ज गेला तो गेला. महिन्याभराने दाराशी पत्र्याची नवी पेटी आली आणि मी तुटक्या खुर्च्यांच्या खोलीत गेले, पुन्हा भिंतीला पाठ लावून.

अकरा वर्षं मी तिथे अडकून होते. काळोख, धूळ आणि पोटात दोनशे माणसांचं मन. तुम्हाला काय सांगू, चांगला शब्द आत कोंडून ठेवणं फार जड असतं. काका अधूनमधून यायचे, मला हलवायचे, किल्ली वाजली की पटकन खाली ठेवायचे आणि निघून जायचे. तेही माझ्यासारखेच अडकले होते. फक्त ते चालत-फिरत होते.

निवृत्तीच्या दिवशी ते शेवटचे आले. ते मला उचलत असताना मी हातातून घसरले आणि पालथी पडले. काकांना माझी पाठ दिसली.

"अरे देवा," ते खालीच बसले. "चारच स्क्रू?"

पाच मिनिटांत झाकण निघालं. काका कितीतरी वेळ रडत होते. मग वृंदाच्या कचेरीतून पत्ता मिळवून, मला मांडीवर घेऊन त्यांनी बसने ताईंचं घर गाठलं. ताई भाचीकडे राहत होत्या. त्या दिवसानंतर गायल्या नव्हत्या.

काकांनी सगळं खरं सांगितलं. भाचीने एकेक चिठ्ठी वाचली. डाव्या हाताची चिठ्ठी ताईंनी दोनदा वाचायला लावली. मग त्या चिडल्या.

"अकरा वर्षं! किल्लीपायी?"

ताईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काकांपुढे सरकवला.

"यात तुमची चिठ्ठी कुठे आहे?"

"मी लिहिलीच नाही."

"मग सांगा. दारात होतात ना?"

काका चाचरत म्हणाले, "तुम्ही थांबलात, तेव्हा मला वाटलं, आता लोक उठणार. दार उघडायला मी कडीला हात घातला. पण मागून बघतो तर सगळ्यांच्या पाठी पुढे झुकलेल्या, तुम्हाला धरायला निघाल्यासारख्या. एक माणूस उठला नाही, ताई. माझा हात कडीवरच राहिला."

मग ताईंनी हळूच विचारलं, "एवढं त्या सकाळी बसच्या दारात सांगितलं असतंत, तर किल्ली कशाला लागली असती?"

अकरा वर्षं मीसुद्धा कुलपालाच दोष देत आले होते.

आता मी ताईंच्या खिडकीत असते. वरचा सूर त्यांना लागत नाही, पण भाजी निवडताना त्या ती ओळ खालच्या सुरात गातात, आणि स्वयंपाकघरातून भाची ओरडते, "मावशी, छान!" ताई म्हणतात, "पुन्हा सांग, ऐकू नाही आलं." त्यांना स्वच्छ ऐकू आलेलं असतं.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसा, कधी त्यांची पाठही पाहा. पण कुणाचं काही मनाला भिडलं, तर ते माझ्यासारखीच्या पोटात टाकून निघून जाऊ नका. तो माणूस समोर आहे तोवर त्याला तोंडाने सांगा. आणि माझं झाकण कुठे सापडलं, तर कृपा करून परत बसवू नका.