पंधरा खोल्या आणि एक निळी गाडी

मी एक जुने मेमरी कार्ड आहे. मित्रांनो, आकाराने मी आगपेटीएवढे. खेळ जिथे थांबला तिथूनच पुन्हा सुरू व्हावा म्हणून मला व्हिडिओ गेमच्या यंत्रात बसवत. माझ्या आत जतन केलेले खेळ ठेवायच्या पंधरा खोल्या आहेत. त्यांतल्या एका खोलीत एक निळी गाडी राहत होती.

मात्सुमोतो शहराच्या बस डेपोतले मेकॅनिक मासानोबू कामिजो यांनी मला विकत आणले. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली पाठ टेकणारा हा माणूस संध्याकाळी शर्यतीच्या खेळात रमायचा. त्या काळी खेळातसुद्धा गाडी सहजासहजी मिळत नसे. आधी परवान्याची परीक्षा द्यावी लागे. ठरलेल्या वेळात, ठरलेल्या रेषेआत गाडी थांबवायची. मासानोबू तीन आठवडे नापास होत राहिले. मग कुठे त्यांना एक निळी गाडी घेता आली, तीही कोणीतरी आधी वापरलेली. तिच्यावर शर्यती जिंकायच्या, मग नवे टायर, मग तेल बदलायचे. त्यांची लहानगी लेक चिहाया शेजारी बसून मिकान संत्री सोलत असे.

"बाबा, खोटी गाडी कशाला धुता?"

"रविवार आहे ना. आज नाही धुवायची तर कधी?"

धुतल्याने ती काही जोरात पळत नव्हती. तरी ते दर रविवारी धूत. दोन वर्षांत निळीने दोनशे बारा शर्यती जिंकल्या. ती माझ्या पोटात आहे याचा मला फार अभिमान वाटे.

पुढे नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात झाली. चिहाया नोकरीसाठी नागोयाला गेली. बापलेक आता इंटरनेटवरून एकत्र खेळत. खेळ उघडला की एक गाडी भेट, बक्षिसाचे चक्र फिरवले की दुसरी. चिहायाकडे चारशे गाड्या जमल्या; निम्म्या तिने कधी चालवल्याही नव्हत्या. बाबांनी तिथेही एक निळीच निवडली आणि सहा वर्षे तीच चालवली.

मग कंपनीने तो खेळच बंद केला. मार्चमधल्या एका दुपारी तिच्या चारशे गाड्या गेल्या आणि त्यांची एकुलती एक निळीही गेली.

"कमावलेली गाडी अशी कशी नेतात?" बाबा फोनवर विचारत होते.

"बाबा, ती आपली नव्हतीच. त्यांनी चालवू दिली, एवढंच."

"असू दे. पहिली आहे की डब्यात. नव्या वर्षाला आलीस की काढू."

चिहायाने पलीकडून विषय बदलला.

चार वर्षांपूर्वी, वर्षअखेरच्या साफसफाईला घरी आली तेव्हा, तिने मला जुन्या वस्तूंच्या दुकानात द्यायला काढले होते. आमच्याकडे विकायची वस्तू आपल्या सगळ्या खुणा मिटवून देतात; तशीच देणे अशिष्टपणाचे. तिने कापसाने माझी टोके पुसली. मग मला यंत्रात बसवून आतूनही पुसले, पंधराच्या पंधरा खोल्या, एकही न उघडता. दुकानदाराने पिवळे पडले म्हणून मला घेतले नाही. घरी परतताना तिला निळी आठवली. तिने मला गुपचूप डब्यात ठेवले आणि कोणाला काही सांगितले नाही.

नव्या वर्षी बाबांनी जुने यंत्र जोडले. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. पडद्यावर अक्षरे आली: जतन केलेले काही नाही. त्यांनी मला काढून पुन्हा बसवले; अक्षरे तीच.

"थंडीनं गेलं असेल," ते म्हणाले. "इथली थंडी लोखंडालाही सोडत नाही."

मित्रांनो, आयुष्यभर मेकॅनिक राहिलेल्या माणसाला खरे काय ते कळले नसेल?

चिहायाने मान खाली घातली. "बाबा, मी पुसलं. विकायला काढलं होतं."

"नीट पुसलंस हो. एक डाग ठेवला नाहीस."

मग त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. परवान्याची पहिली परीक्षा. अकरा वेळा गाडी रेषेपलीकडे गेली. "राहू दे," म्हणून ते उठले. चिहायाने तेवढेच जतन केले. माझ्या एका खोलीत आता त्यांचे नाव आहे. परवाना नाही, गाडी नाही. त्यानंतर त्यांनी डबा उघडलेला नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुनी वस्तू टाकण्याआधी, पुसण्याआधी, ती ज्याची आहे त्याला एकदा विचारा. चिहायाने मला पुसले त्या दिवशी बाबा शेजारच्याच खोलीत खिडक्या पुसत होते. तिने नुसती हाक मारायची होती.