साडेसतरा इंचांची सुतळी

माझ्यात गोष्ट शोधू नका, मित्रांनो, कविता तर नाहीच नाही. मी रणगाड्यांच्या मापांचा एक जुना ग्रंथ आहे. हुबेहूब छोटे रणगाडे बनवणाऱ्यांसाठी मला छापले. माझ्या पानापानावर रणगाडा समोरून, बाजूने, वरून आणि पोट उघडून दाखवला आहे. प्रत्येक चित्राच्या तळाशी एक बारीक मापपट्टी होती. होती म्हणतो, कारण आता ती नाही.

स्वभावाने मी किरकिऱ्या. कुणी एक चाक कमी लावले तरी माझा जीव कासावीस होतो. काय करणार, मला घडवलेच तसे.

नांदेडच्या रद्दीच्या दुकानात मी तराजूत चढायच्या बेतात होतो, तेवढ्यात ग्यानोबांनी मला उचलले. ते फौजेतून गावी परतलेले, निलंग्याकडचे. मला मधोमध उघडून ते उभ्याउभ्याच म्हणाले, "ह्यो तर आमचाच." एकाहत्तरच्या लढाईत ते अशाच रणगाड्यात तोफेला गोळे भरत. चालवायला उदगीरकडचा मलप्पा असे. रणगाड्याला गोळा लागला तेव्हा ग्यानोबा वरच्या झाकणातून बाहेर पडले. मलप्पाची जागा पुढे, खाली. तो आतच राहिला.

मलप्पाच्या आईचे, सिद्धम्माचे, ग्यानोबांकडे एकच मागणे होते. माझा लेक कुठे बसायचा ते मला एकदा दाखव. सांगून तिला उमजेना, माझ्यातल्या चित्रांतल्या रेघा तिला कळेनात. मग ग्यानोबांनी सागाच्या फळीचा आणि डब्याच्या पत्र्याचा छोटा रणगाडा करायला घेतला. झाकण उचलले की आतली जागा दिसावी, असा. तीन वर्षे मी त्यांच्या मांडीवर उघडा होतो. खळीचे डाग पडले, पण असले डाग मला दागिन्यासारखे वाटतात. त्र्याण्णवच्या दसऱ्याला रणगाडा उदगीरकडे न्यायचा ठरला.

दसऱ्याआधीच जमीन हलली. दगडमातीचे घर खाली बसले. ग्यानोबा, त्यांची बायको सिंधुबाई आणि धाकटी लेक पुनम वाचली; शेजारची कितीतरी घरे माणसांसकट गेली. चौथ्या दिवशी मला ढिगाऱ्यातून काढले, पाठ मोडलेला, पावसाने फुगलेला. रणगाड्याचा चुरा झाला होता. पण माणसांना अग्नी द्यायच्या त्या दिवसांत लाकडाच्या रणगाड्यासाठी कोण हळहळणार? ग्यानोबांनी मला सदऱ्याने पुसले आणि बाजूला ठेवले.

पुढे पुनमच्या शिक्षणासाठी कुटुंब लातूरला आले. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली शिकवणीचे क्लास निघत होते. जिल्ह्या-जिल्ह्यांतून मुले यायची आणि पानटपरीवरसुद्धा टक्केवारीच्या गप्पा चालायच्या. ग्यानोबा एका क्लासच्या फाटकावर रखवालदार झाले. मी पत्र्याच्या पेटीत पुनमच्या नोट्सखाली दबून राहिलो. त्या नोट्स वर्षभरात म्हाताऱ्या होत, नव्या येत. मला मात्र कुणी उघडत नव्हते, आणि मला चैन पडत नव्हते.

पाच वर्षांनी उदगीरकडून निरोप आला. सिद्धम्माची नजर मावळत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. ग्यानोबांनी त्याच दिवशी मला पेटीतून काढले. पाने सुटी झाली होती, म्हणून त्यांनी मला जिलानी बाइंडरकडे दिले.

जून महिना होता. जिलानीच्या दुकानात नोट्सचे ढीग छताला टेकलेले. त्याने माझी शिलाई फार मायेने केली, पाठीला नवे कापड लावले. मग नोट्सची सवय लागलेल्या हाताने त्याने मला कटिंग मशीनमध्ये धरले आणि तिन्ही कडा साफ केल्या. मापपट्ट्या खालच्या कडेलाच होत्या; त्या गेल्या की चित्रातला इंच म्हणजे खऱ्या रणगाड्यातला किती, हे कळायचे नाही. मी आतल्या आत ओरडलो, पण पुस्तकाचे कोण ऐकतो?

ग्यानोबांनी एक पान उघडले, दुसरे उघडले, आणि ते तिथेच स्टुलावर बसले.

"कडा लई कुजल्या व्हत्या, चाचा," जिलानी म्हणाला. "नोट्ससारखं साफ करून दिलं."

काय कापले गेले ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. ऐन हंगामात त्याने दुकान अर्धे ओढून घेतले आणि कातरणांची पोती उपसली. त्या दिवशीचे पोते सकाळीच रद्दीवाला घेऊन गेला होता.

ग्यानोबांना रणगाड्याची लांबी तेवीस फूट आठवत होती. पण ती तोफेसकट की तोफेशिवाय, यावर त्यांचे आठ दिवस गेले. फाटकावर येरझाऱ्या घालत ते स्वतःशीच पुटपुटत. शेवटी मला पिशवीत घालून ते सिद्धम्माकडे कबुली द्यायला गेले.

"अव्वा, माप गेलं. अंदाजानं केला तर खोटा व्हईल."

"माप माझ्याजवळ हाय की," सिद्धम्मा म्हणाली.

तिने ट्रंकेतून एक पाकीट काढले. मलप्पाने एकदा पत्रात लिहिले होते की बसायची जागा नुसती लोखंडाची आहे. आईने बसायला छोटी वाकळ शिवायची म्हणून जागेचे माप मागवले. आपल्याकडे चोळीचे, चपलेचे माप दोरीने पाठवतात, तसे त्याने जागेच्या रुंदीची सुतळी दोन्ही टोकांना गाठ मारून पाठवली होती. वाकळ शिवून झाली आणि पाठवायच्या आधीच तार आली.

सुतळी भरली साडेसतरा इंच. माझ्या चित्रातली तीच जागा बरोबर अर्धा इंच. म्हणजे चित्र पस्तीसपट लहान. सुतळी आक्रसली तर नसेल, या धास्तीने ग्यानोबांनी त्याच हिशोबाने चित्रातला सगळा रणगाडा मोजला. लांबी तेवीस फूट आली, तोफेशिवाय. मित्रांनो, एक माप खरे सापडले की बाकीची सगळी बोलू लागतात. माझी पाने कित्येक वर्षांनी बोलली.

या वेळी चारच महिने लागले. पण तोवर सिद्धम्माला सावलीपुरतेच दिसत होते. पुनमने झाकण उचलले आणि सिद्धम्माचे बोट आत ठेवले. बोट जागेच्या दोन्ही कडांना लागले.

"लईच अडचण हाय रं हितं."

मला वाटले, आता ग्यानोबा खोटे बोलतील. मीही त्या क्षणी त्यांना माफ केले असते.

"हाव, अव्वा," ते म्हणाले. "अडचणच व्हती."

बराच वेळ तिने बोट काढले नाही. मग सुतळी चाचपून तिने ती माझ्यात घातली, त्या जागेच्या चित्राच्या पानात, आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे ह्यात. पुन्हा कुणी कापलं तर माप लागंल."

आज मी पुनमच्या कपाटात आहे. बाहेर कुठे कटिंग मशीनचा दांडा खाली आला की अजून माझी पाने शहारतात. मित्रांनो, जुन्या पुस्तकाच्या कडा कापण्याआधी त्यांवर काय आहे ते एकदा वाचा. आणि मला कधी उघडलेत, तर पानातली सुतळी खूण समजून काढू नका. एका आईने ती तिथे ठेवली आहे.