दामियानचा सिनेमा

केसोन सिटीतल्या एका थिएटरात दामियानच्या पहिल्या सिनेमाचा खेळ होता. डायलिसिस केंद्रात नर्स असलेली लुवाल्हाती कामाची पाळी बदलून आली, ती वडिलांना घेऊनच. दामियान तिचा कोण, हे तिने घरी सांगितलं नव्हतं. दीड वर्षापासून ते भेटत होते; दर गुरुवारी भेटायचं, कुणी कुणावर हक्क सांगायचा नाही, एवढंच त्यांचं ठरलं होतं. बाबांना ती 'ओळखीचा मुलगा' एवढंच म्हणाली होती.

पडद्यावर एक नर्स आणि एक लेखक बंद लिफ्टमध्ये अडकले. लुवाल्हातीला हसू आलं. ती आणि दामियान तसेच भेटले होते. मग नर्स 'मला सोडू नकोस' म्हणत लेखकाच्या पाया पडू लागली, आणि लुवाल्हातीचं डोकं तापलं. खरं तर रडला होता दामियान. त्याने विचारल्यावर लग्नाला नाही म्हणाली होती ती.

तेही तिने गिळलं असतं. पण पुढे नर्सची आई मेली. घरी रिवाजाप्रमाणे शवपेटीपाशी रात्र जागवायला माणसं जमली, कॉफी-बिस्किटं फिरली, पत्त्यांचा डाव रंगला, आणि शवपेटी उघडली तर आत भलताच मिशीवाला म्हातारा. थिएटर हसून लोळलं.

बाबा हसले नाहीत. सहा वर्षांपूर्वी लुवाल्हातीच्या आईची म्हणून घरी आलेली पेटी त्यांनीच उघडली होती.

खेळ संपल्यावर दामियान माइक घेऊन नशिबाबद्दल बोलू लागला. लुवाल्हाती उभी राहिली.

"ती पेटीची गोष्ट कुठून आणलीस रे?"

"सुचली," तो चाचरत म्हणाला. "नशीब असंच थट्टेखोर असतं."

"सुचली? आईला शोधत आम्ही अकरा तास हिंडलो. माझ्या उशीवर डोकं ठेवून ऐकलंस तू ते, डोळेही पुसलेस. तेव्हाच टिपून ठेवत होतास का?"

लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. टाळ्या पडल्या. दामियाननेही वाजवल्या.

"मिशी नव्हती त्याला," बाबा बसल्या जागेवरून म्हणाले. "विशीतला पोरगा होता. त्याची आई तिकडे माझ्या बायकोच्या पेटीपाशी रडत बसली होती."

आता कुणी टाळी वाजवली नाही.

जिन्यात दामियान धावत आला. "लुवा, अगं सिनेमा आहे तो. तुझं नाव आहे का कुठे?"

"बाजूला हो. बाबांना उतरू दे."

रस्त्यावर बाबांनी विचारलं, "त्याला सांगितलं कुणी हे?"

"मी."

घराकडे जाणाऱ्या प्रवासी जीपनीत ते तिच्याशेजारी बसले, पण तोंड फिरवून. दामियानला मनातल्या मनात दिलेल्या सगळ्या शिव्या लुवाल्हातीने घर येईपर्यंत स्वतःलाही दिल्या.