केसभर उंची

चिमणीला आगीच्या बंबावर नोकरी हवी होती आणि आडवी येत होती ती उंची. धावणं, दोर चढणं, माणूस खांद्यावर टाकून पळणं, सगळ्यांत पोरगी पहिली. पण मागच्या वर्षी भर दुपारी मापली आणि नखभर कमी भरली. वयाच्या हिशेबाने यंदाची संधी शेवटची. भिंतीवरच्या पट्टीपुढे कुणाचं काय चालतं!

घरात उपायांना तोटा नव्हता. आत्या म्हणजे आरोग्याचं चालतंबोलतं मासिकच. कधी हिरवा रस, कधी कसल्याशा परदेशी बियांची पूड. जे नवीन निघेल ते भाचीच्या घशाखाली उतरायचं. उंची होती तिथेच राहिली, चिमणी मात्र हिरव्या रंगाला घाबरायला लागली.

बाबा गादीवाले. उभा जन्म कापसात गेला. एकदा टाके घालताना त्यांनी रेडिओवर ऐकलं, की माणूस सकाळी उठतो तेव्हा थोडा उंच असतो. दिवसभर उभं राहिलं की गुरुत्वाकर्षणाने मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि तो थोडा कमी होतो. दुसऱ्या कुणी ऐकून सोडून दिलं असतं. बाबांच्या हातातली सुई थांबली.

"अगं, म्हणजे आपल्या पाठीतही गाद्याच आहेत की!"

मग काय, ठरलं. मापाच्या दिवशी चिमणीने उभंच राहायचं नाही. तोंडसुद्धा तिने पडल्यापडल्या धुतलं, उशी भिजली. बाबांनी आणि आत्याने तिला गादीसकट उचलून टेम्पोत ठेवलं, तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या.

"काय झालं गं पोरीला?"

"काही नाही काकू, परीक्षेला चाललेय," चिमणी आडव्यानेच म्हणाली. काकूंनी टेम्पो वळेपर्यंत डोळ्यांना पदर लावला होता.

कचेरीच्या पायऱ्यांवर मात्र घात झाला. गादीचं टोक धरून बाबा दोन पायऱ्या चढले आणि पाठीत अशी चमक भरली, की जागच्या जागी बसले. चिमणी ताडकन उठली.

"झोप! आधी झोप!" बाबा ओरडले. "दबशील! मला राहू दे इथे."

"बाबा, गप्प बसा."

तिने त्यांना खांद्यावर टाकलं आणि जिना चढायला लागली. बाबांना पाठीपेक्षा हेच जास्त दुखत होतं. पोरीची वर्षभराची आशा आपल्याच वजनाखाली चेपली जातेय, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

वर डॉक्टरीणबाईंनी बाबांना बाकावर निजवलं आणि चिमणीला पट्टीखाली उभं केलं. बाबांनी डोळे घट्ट मिटले.

"बसली," बाई म्हणाल्या. "केसभर जास्तच आहे."

"बियांचा गुण!" आत्या म्हणाली. आज तिच्याशी कुणी वाद घातला नाही.

थोड्या वेळाने बाईंनी बाबांची पाठ तपासायला त्यांना भिंतीशी ताठ उभं केलं. पट्टी तिथेच होती. चिमणीने सहज आकडा पाहिला आणि तिचं हसू ओसरलं. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून ती छताला हात लावायची, ते बाबा आता तिच्या कानापर्यंतच येत होते. वर्षानुवर्षं डोक्यावरून गाद्या वाहिल्या, त्या ओझ्याने त्यांच्या पाठीत काय काय दबलं असेल, हे तिच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही उंच होतात हो."

"होतो ना," बाबा तिच्या खांद्याचा आधार घेत म्हणाले. "पण घरचा कापूस कुठे जात नाही, वेडे. इकडे दबला की तिकडे फुगतो."