खांद्याच्या वरचं किटण

आईला जाऊन सातवा दिवस होता. त्या सकाळी मी स्वयंपाकघरातली कपाटं घासायला काढली, आणि गल्लीत कुजबुज सुरू व्हायला तेवढं पुरलं.

आमच्याकडे नऊ रात्री पुऱ्या होईपर्यंत घरातलं काही हलवत नाहीत. बैठकीत पांढऱ्या चादरीची वेदी असते. तिच्यावर गेलेल्या माणसाचा फोटो, मेणबत्त्या, आणि आत्म्याला तहान लागली तर असावा म्हणून पाण्याचा पेला. संध्याकाळी बायका जपमाळा घेऊन येतात, पुरुष अंगणात डॉमिनो खेळत बसतात. नवव्या रात्री वेदी उतरवली की मग झाडू, बादली आणि वाटण्या. त्याआधी जो फडकं ओलं करतो त्याला घाई झालेली आहे, असं धरतात. हे मला ठाऊक होतं. दूर राजधानीत, बोगोतात, बावीस वर्षं काढली म्हणून विसरलं नव्हतं. पण आदल्या संध्याकाळी कॉफीचे जास्तीचे कप काढायला मी वरचं कपाट उघडायला गेले, तर हात मुठीला चिकटून राहिला. साबणाने दोनदा धुतला तरी बोटांचा ओशटपणा जाईना.

आईने चाळीस वर्षं त्या स्वयंपाकघरात अंड्याचे अरेपा तळले. मक्याची जाड पुरी एकदा तळायची, तिची कड चिरून आत अंडं फोडून घालायचं, चीर ओल्या पिठाने लिंपायची आणि पुन्हा तेलात सोडायची. पहाटे साडेपाचला आमच्या खिडकीशी रांग लागायची. पीठ मळायची नुरिस मावशी, आईची धाकटी बहीण. तळण आईचं.

मी दुकानातून तेलकट डाग काढायची बाटली आणली. केशरी पाणी कपाटाच्या दारावर फवारलं आणि लिहिल्याप्रमाणे दहा मिनिटं थांबले. किटण जागचं हललं नाही. खालचा निळा रंग मात्र पोपडे होऊन फडक्यात आला.

"काय गं, घर बघायला कधी येतंय गिऱ्हाईक?"

मावशी मागच्या दारात उभी होती. काळा झगा, हातात पिशवी.

घराबद्दल बोलणं झालेलं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. शेजारच्या औषध दुकानाच्या मालकाने दफनाच्याच दिवशी, खांद्यावर हात ठेवून, घर विकणार का म्हणून मला विचारलं होतं. माझा भाऊ आर्नुल्फो मेडेयीनला असतो. तो फोनवर म्हणाला, "तू तिथे आहेस, तूच ठरव." गेले सात दिवस मी काही ठरवलं नव्हतं. आणि मावशीने एका शब्दाने विचारलं नव्हतं. ती दोन गल्ल्या पलीकडे मुलाकडे राहते. तिथे सुनेने पडद्यांना वास लागतो म्हणून तळण बंद केलेलं आहे. हे स्वयंपाकघर गेलं तर मावशीला सकाळी उठून जायला जागाच उरणार नव्हती.

"मावशी, कपाटं घाण झालीत म्हणून काढलीत," मी म्हटलं.

"झालीत ना. तीन वर्षं झालीत. तुला आज दिसली." ती जवळ आली आणि तिने दाराकडे पाहिलं. "अगं बये! रंग सोलून काढलास की! बाटलीवरचं वाचलं नाहीस? एवढी शिकलीस ना?"

"लाकडावर चालतं असं लिहिलंय."

"लिहिणाऱ्याच्या घरी कढई नसेल."

तिने बाटली उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवली. मग पदार्थाला वापरतो तेच तेल वाटीत घेऊन कोमट केलं, जुन्या बनियनचा तुकडा त्यात बुडवला आणि माझ्या हातात दिला.

"हे चोळ. घासू नकोस, नुसतं चोळ आणि सोड. जुनं तेल वाळून गोंदासारखं झालंय. साबणाने त्याला नुसत्या गुदगुल्या होतात. ताजं तेल लागलं की मऊ पडेल. मग खायचा सोडा, मग गरम पाणी. आणि सुरी लावलीस ना, तर हात तोडीन."

आम्ही कामाला लागलो. ती खाली, पाटावर बसून. मी वर, स्टुलावर. तासाभरात फडकी तपकिरी झाली. मऊ पडलेलं किटण बोटाखाली गुळासारखं सरकायचं. बिजागऱ्यांतलं मी दात घासायच्या जुन्या ब्रशाने काढत होते. खाली मावशीचं चटकन होत होतं, आणि मी तिला तसं म्हटलं.

"खाली होतंच काय काढायला," ती म्हणाली.

मी स्टुलावरून उतरले आणि दोन पावलं मागे जाऊन भिंतभर पाहिलं. खरंच. खालची दारं स्वच्छ होती, मुठी चकचकीत होत्या. वर सगळं काळंपिवळं. आणि मधे एक रेघ होती. एका दारावरून दुसऱ्या दारावर, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी दोरी धरून आखावी तशी. ती माझ्या छातीशी येत होती. आई माझ्याहून चार बोटं बुटकी.

"मावशी, ही रेघ कसली?"

ती फडकं पिळत होती. पिळून झाल्यावर बोलली. "तिथवर हात जायचा तिचा."

"म्हणजे?"

"उजवा खांदा. तीन वर्षांपूर्वी धरला तो सुटलाच नाही. खांद्याच्या वर हात जाईना. डाव्याला वर घासायचा जोर नव्हता. खाली मात्र रोज पुसायची, न चुकता."

"मला कधी बोलली नाही."

"बोलणार नव्हतीच. मलाही चर्चमधल्या कार्मेनच्या माउलीची शपथ घातली होती. डाव्या हाताने तळायला लागली. खिडकीतल्या माणसाला कळलं नाही, तुला फोनवर काय कळणार होतं?"

दर रविवारी मी फोन करायचे. तिकडून यायचं, सगळं ठीक, तू जेवलीस का, तिकडे थंडी किती आहे. गेल्या डिसेंबरात मी चार दिवस आले होते. चारही दिवस बैठकीत बसून होते. कॉफी माझ्या हातात आणून दिली जायची. आईने ती कोणत्या हाताने दिली, हे आठवायचा मी प्रयत्न केला. आठवलं नाही.

"मी घासलं असतं गं वरचं," मावशी म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला होता. "पण स्टुलावर चढले की डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन म्हाताऱ्या. एकीचा हात वर जाईना, दुसरी उंचावर चढेना. मग ठेवलं तसंच."

मी पुन्हा वर चढले. तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि मी चोळत राहिले. शेवटचं दार शेगडीच्या वरचं होतं. त्यावर सगळ्यांत जाड थर होता, त्यात धूळ, एक माशी. माझा हात थांबला.

"हे राहू दे," मी म्हटलं. "एवढं तरी तिचं राहू दे."

"तिचं?" मावशी पाटावरून उठली. "त्याची लाज वाटायची तिला! कुणी खिडकीतून आत डोकावलं की मधे जाऊन उभी राहायची, दिसू नये म्हणून. आणि तू ते जपून ठेवणार? घास ते. नाहीतर मी चढते, मग पडले तर तुझ्या डोक्यावर."

मी घासलं. त्या एका दाराला पाऊण तास लागला. खालून मावशी गरम पाण्याची भांडी देत होती. दार निळं दिसायला लागलं तेव्हा तिने हात धुतले, झग्याला पुसले आणि पिशवी उचलली.

"औषधवाला ही भिंत पाडणार म्हणे," ती पिशवीकडे बघत म्हणाली. "गोदाम करायचंय त्याला."

"असं म्हणत होता."

"मग ते सोललेलं दार दुरुस्त करायला नको. तेवढं काम वाचलं." आणि ती मागच्या दाराकडे वळली.

"मावशी, हा निळा रंग कुठून आणला होता आईने?"

"का?"

"पुन्हा लावायचाय."

"कुणासाठी?"

"तू तळणार नाहीस का इथे?"

तिने पाठमोरीच पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी पीठ मळते," ती म्हणाली. "तळण तुझ्या आईचं, एदिल्साचं. चाळीस वर्षांत झाऱ्याला हात लावू दिला नाही तिने मला." मग वळून हळू म्हणाली, "शेवटचं वर्ष सोडून. डावा हातही थकला तेव्हापासून मीच तळत होते. ती खिडकीत बसून वाढायची आणि लोक म्हणायचे, एदिल्साबाई, तुमच्या हातासारखी चव नाही कुणाच्या हाताला. ती हो म्हणायची! माझ्याकडे बघायची सुद्धा नाही, लबाड."

ती हसली, आणि मग तोंडावर हात धरून रडली. त्या सात दिवसांत मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहत होते. मी स्टुलावरून उतरले आणि तिला धरणार होते, पण माझे हात तेलाने माखलेले होते आणि तिचा झगा इस्त्रीचा होता. मी करंगळीने फोन दाबून आर्नुल्फोला स्पीकरवर लावला आणि तिच्यासमोरच सांगितलं, की औषधवाल्याला मी नाही कळवतेय, घर मावशी वापरणार आहे.

"बरं," तो म्हणाला. "मग तिकडे आल्यावर मला अरेपा मिळणार ना?"

"रांगेत उभा राहा म्हणावं," मावशी नाक पुसत म्हणाली.

मी फोन ठेवला. तिने पिशवी खिळ्याला अडकवली, पाट ओढून बसली आणि मान मागे टाकून वर पाहिलं.

"डावीकडच्या बिजागरीत राहिलंय बघ. तिथे नाही गं, वरच्या. चढ परत."